नंबर लागलाय, पण आकडा बसत नाही

पत्र जरा कापून देतेय, मोठं होतं.

"ताई, नमस्कार. आम्ही न्यू जर्सीत, १७ वर्षं झाली, ग्रीन कार्ड आहे. मुलीला गेल्या आठवड्यात अर्ली डिसिजनमधून (लवकर अर्ज करायचा, आणि घेतलं तर तिथेच जायचं अशी सही करून) तिच्या लाडक्या कॉलेजात अ‍ॅडमिशन मिळाली. पुण्याला फोन केला, 'ईडीत नंबर लागला' म्हटल्यावर सासरे म्हणाले, ईडी? काय भानगड केलीत तिकडे? ते समजावण्यात अर्धा तास गेला. दोन दिवसांनी एडचं, म्हणजे कॉलेजच्या आर्थिक मदतीचं, पत्र आलं. वर्षाचा खर्च ९२ हजार डॉलर आणि आम्हाला ३७,५०० ची एड. अर्ज करायच्या आधी त्यांच्याच साइटवरच्या नेट प्राइस कॅल्क्युलेटरने तुम्हाला ४४ हजार भरावे लागतील असं दाखवलं होतं. शिवाय पत्रावर 'तात्पुरतं' असं लिहिलंय, कागदपत्रं तपासून झाली की बदलू शकतं म्हणे. ९ जानेवारीपर्यंत डिपॉझिट भरायचंय आणि बाकीचे अर्ज मागे घ्यायचेत. नवरा म्हणतो सही केलीये, आता शब्द फिरवायचा नाही, पॅरेंट प्लस (पालकांसाठीचं सरकारी) लोन काढू, ४०१के (रिटायरमेंटचा फंड) आहे. २०२४ मध्ये त्याला आधीच्या कंपनीचे शेअर्स मिळाले म्हणून त्या वर्षीचं इनकम फुगलेलं दिसतं, फेब्रुवारी २०२५ मध्ये ले-ऑफ झाला, आताची नोकरी कमी पगाराची. ५२९ मध्ये (शिक्षणासाठीचं बचत खातं) मुलीच्या नावाने ६० हजार आहेत, महिन्याला १,८०० बाजूला पडतील. पुण्यातला फ्लॅट (त्याच्या आणि दिराच्या नावावर, सासरे राहतात तिथे) सीएसएस प्रोफाइलमध्ये (कॉलेजच्या एडसाठी भरायचा फॉर्म) १ कोटी ४० लाख असा टाकलाय. धाकटा दहावीत. रटगर्सचा (इथल्या राज्याच्या युनिव्हर्सिटीचा) अर्ज नोव्हेंबरमध्ये गेलाय. मुलीला अजून काही सांगितलेलं नाही, ती कॉलेजचा स्वेटशर्ट अंगातून काढत नाही. काय करू?"

अगं, ताई म्हणालीस म्हणून सरळ अगंतुगं करतेय, चालेल ना. आधी अभिनंदन, ते राहून जातं अशा पत्रांत. पोरीने मेहनत केली, नंबर लागला, ते तिचं आहे आणि पुढे काहीही ठरलं तरी ते कोणी काढून घेणार नाहीये.

आता सहीचं. तुमच्या घरात सगळं त्या सहीवर अडकलंय असं दिसतंय. तुम्ही तिघांनी म्हणजे मुलगी, पालक आणि शाळेची काउन्सेलर यांनी जो अर्ली डिसिजनचा करार केला तो परत उघडून वाच, अर्ज भरायच्या साइटवर, कॉमन अ‍ॅपमध्ये आहे. त्यात स्पष्ट लिहिलेलं असतं की एडसाठी अर्ज केलेल्या मुलाला जाणं शक्य होईल एवढी मदत मिळाली नाही तर तो नाही म्हणू शकतो आणि त्याला त्या बंधनातून मोकळं केलं जातं. ही पळवाट नाहीये, करारातलंच कलम आहे. तुम्ही एडसाठी अर्ज केला होतात ना? मग ते तुम्हाला लागू आहे. आपल्याकडे दिलेल्या शब्दाला फार मान, चांगलंच आहे ते, पण इथे शब्द दिला तो या अटीसकट दिला, हे नवऱ्याला शांतपणे दाखव. आणि सासऱ्यांना सांग, ही ईडी मोडली तर धाड पडत नाही.

पण म्हणून ती हलक्यात घ्यायची असंही नाही हं. मजा म्हणून सोडलं, दुसरं कॉलेज जास्त आवडलं म्हणून सोडलं, तर कॉलेजं चिडतात आणि त्याचा राग शाळेवर निघतो. टुलेन युनिव्हर्सिटीने कोलोरॅडोतल्या एका शाळेच्या मुलांना एका वर्षासाठी अर्ली डिसिजन बंद केल्याची बातमी २०२५ मध्ये आलीच होती, कारण आदल्या वर्षी तिथल्या एका मुलाने अ‍ॅडमिशन घेऊन सोडली. त्यामुळे तू जे करशील ते काउन्सेलरला सांगून, एड ऑफिसशी बोलून आणि लेखी. गुपचूप काही नाही.

आता पत्रातला आकडा. ३७,५०० ची एड मिळाली असं तू लिहिलंस, मला शंका आली म्हणून तुला मेसेज करून फोड मागवली, आणि तेच निघालं. २९ हजार ग्रँट, ५,५०० सरकारी लोन मुलीच्या नावावर, ३ हजार वर्क-स्टडी. म्हणजे बाई, फुकटचे फक्त २९ हजार. लोन हे लोन आहे, ते एडच्या यादीत टाकलं म्हणून दान होत नाही, आणि वर्क-स्टडी म्हणजे पोरगी लायब्ररीत पुस्तकं लावेल तेव्हा तिच्या हातात तासाप्रमाणे पडणारे पैसे, ते फीच्या बिलातून वजा होऊन येत नाहीत. खरी वजाबाकी ९२ उणे २९, म्हणजे ६३ हजार. हे एका वर्षाचं. फी दरवर्षी ४ टक्क्यांनी वाढली आणि ग्रँट तेवढीच राहिली तर चार वर्षांचे पावणेतीन लाख डॉलर होतात. मी कॅल्क्युलेटरवर दोनदा केलं.

हे पत्र लिहिणारे काही लबाड नसतात, पण हे सगळं एका रकान्यात बेरीज करून देण्याची पद्धत मला कधीच आवडली नाही. आणि "आम्ही १०० टक्के गरज भागवतो" असं लिहिणारी कॉलेजं, त्यात गरज तुमची असली तरी मोजपट्टी त्यांची असते, हे बऱ्याच जणांना एडचं पत्र हातात पडल्यावर कळतं.

आता तुमच्याकडे किती आहे ते बघू. ६० हजार चारवर भागले, १५ हजार. महिन्याचे १,८०० म्हणजे वर्षाचे २१,६००. मुलीचं ५,५०० चं लोन, ते घ्यायला हरकत नाही, चार वर्षांचं मिळून २७ हजारच्या वर ते जातच नाही आणि ते पोरीला झेपतं. वर्क-स्टडी किंवा उन्हाळ्यातली नोकरी, ३ हजार. बेरीज ४५ हजार. म्हणजे तो कॅल्क्युलेटर तुमच्या खिशाच्या जवळच बोलत होता. मग पत्रात ६३ कसे आले? माझा अंदाज, तू कॅल्क्युलेटरमध्ये आताचा पगार टाकलास आणि फ्लॅट टाकलाच नाहीस. बरोबर? आणि सीएसएसमध्ये गेलं २०२४ चं फुगलेलं इनकम आणि कोथरूडचा का कुठला तो अख्खा फ्लॅट.

फ्लॅटपासून सुरू करते कारण हे फक्त आपल्या लोकांचं होतं. सीएसएस जगभरातली मालमत्ता विचारतं, एफएएफएसए (सरकारी एडचा फॉर्म) सुद्धा राहतं घर सोडून बाकीची मालमत्ता विचारतं, ते लपवायचं अजिबात नाही, पण फुगवायचंही नाही! तुझ्या नवऱ्याने काय केलं असेल ते मला दिसतंय, रात्री अकराला ऑनलाइन त्या भागाचा रेट बघितला, नव्या टॉवरचा असेल, त्याला स्क्वेअर फुटाने गुणलं आणि टाकलं. अगं, ती बिल्डिंग किती जुनी, लिफ्ट आहे का, रीडेव्हलपमेंटचं घोंगडं किती वर्षं भिजत पडलंय, त्या फ्लॅटची खरी किंमत ती. आणि मुख्य म्हणजे अर्धा दिराचा आहे, तर तुम्ही तुमचा अर्धाच हिस्सा दाखवायचा होता. १ कोटी ४० लाख म्हणजे साधारण दीड लाख डॉलरच्या वर, त्याचे ५ टक्के जरी दरवर्षी तुमच्याकडून अपेक्षित धरले तरी ७-८ हजार झाले. निम्मं झालं तर वर्षाला ४ हजारांचा फरक, चार वर्षांत १६. एका चुकलेल्या रकान्याचे. (गावाकडच्या जमिनीच्या सातबाऱ्यावर नवऱ्याचं नाव बारा चुलत्यांबरोबर असेल तर तेही बघून घे, तिथेही लोक अख्खी जमीन टाकतात.) आता दुरुस्ती पाठवताना इंडेक्स टूची कॉपी आणि सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट जोड, दोघांची नावं दिसतील असं, आणि वर इंग्रजीत चार ओळी की हे काय कागद आहेत, कोण राहतं तिथे, भाडं येत नाही. एड ऑफिसमधल्या बाईला इंडेक्स टू म्हणजे काय हे कळायचं काही कारण नाही. सासऱ्यांच्या औषधपाण्याला दर महिन्याला पैसे पाठवत असाल तर त्या ट्रान्सफरची वर्षाची यादी पण. ते वजा होईलच असं नाही, पण फॉर्मच्या स्पेशल सर्कमस्टन्सेसच्या रकान्यात लिहिता येतं आणि लिहावं.

इनकमचा मुद्दा मात्र फ्लॅटपेक्षा खूप मोठा आहे. २०२६-२७ च्या एडसाठी २०२४ चा टॅक्स रिटर्न धरतात, तेच तुमचं नेमकं शेअर्स मिळालेलं वर्ष, आणि आता ती नोकरीच नाही. याला एड ऑफिसच्या भाषेत प्रोफेशनल जजमेंट म्हणतात, म्हणजे कागदावरचं वर्ष आणि खरं वर्ष यात फरक पडला असेल तर ऑफिसर हाताने आकडा बदलू शकते. ले-ऑफचं पत्र, नव्या नोकरीचं ऑफर लेटर, शेवटच्या दोन-तीन पे-स्लिपा, २०२४ च्या डब्ल्यू-टू (कंपनीने दिलेला वर्षाच्या पगाराचा कागद) वर शेअर्सचे किती होते ते पेनाने गोल करून. एवढं पुरे.

इथे माझं एक सांगते. आमच्या मोठ्याच्या वेळी असंच झालं होतं, कॉलेजचं नाव सांगत नाही, आता जुनं झालं ते. मी पहिलं अपील लिहिलं ते दोन पानांचं, त्याची व्हायोलिनची शिक्षिका, आमचं इकडे येणं, सुरुवातीला बेसमेंटमध्ये काढलेली वर्षं, लिहिता लिहिता मीच रडले. चार दिवसांत उत्तर आलं, दोन ओळींचं, आम्ही तुमच्या फाइलचं पुनरावलोकन केलं, बदल नाही. मग नवऱ्याने एका पानावर लिहिलं, रडगाणं शून्य, डावीकडे रिटर्नमधला आकडा, उजवीकडे आताचा, खाली कारण, मागे कागद. ६,५०० वाढवून मिळाले. मला त्या वेळी इतका राग आला होता नवऱ्याचा, की याला मुलाबद्दल लिहिण्यासारखं काहीच सुचलं नाही! पण त्या ऑफिसात बसलेल्या माणसाला आकडा बदलायला कारण लागतं, कागद लागतो, तो त्याला पुढे दाखवायचा असतो. तुझी पोरगी किती गुणी आहे हे अ‍ॅडमिशनवाल्यांनी वाचलंय आधीच.

तर तेच एक पान कर. आणि शेवटी आकडा लिही. "आम्हाला वर्षाला ४५ हजारांपर्यंत जमेल" असं स्पष्ट. आपल्याला आकडा तोंडाने सांगायचा फार संकोच, वाटतं जे देतील ते देतील, पण न सांगता त्यांना कसं कळणार कुठे पोचायचंय. त्याच मेलमध्ये डिपॉझिटची तारीख पुढे ढकलून माग, एडचा निर्णय पक्का होईपर्यंत. हे लोक मागतात आणि बऱ्याचदा मिळतं. आणि बाकीचे अर्ज? एड मागितलेल्या मुलांना एडचा निर्णय हातात पडेपर्यंत आधी केलेले अर्ज मागे घ्यावे लागत नाहीत, आणि तुमचा अजून तात्पुरताच आहे, म्हणजे रटगर्स राहू दे तसंच. अजून कुठे रेग्युलरला (नेहमीच्या फेरीत) करायचे असतील तर त्यांच्या तारखा १ ते ५ जानेवारीच्या आसपास असतात, त्याचे निबंध तयार ठेवा पण पाठवायच्या आधी काउन्सेलरला विचारा, कारण ही अ‍ॅडमिशन हातात धरून नवे अर्ज टाकत बसणं हे त्या कराराच्या विरुद्ध जातं.

आता नवऱ्याचे दोन उपाय. पॅरेंट प्लस, तर १ जुलै २०२६ पासून नियम बदलतोय, नव्याने घेणाऱ्यांना वर्षाला २० हजार आणि एका मुलामागे एकूण ६५ हजार एवढीच मर्यादा. तुमची तूट वर्षाला १८ हजार आणि फी वाढेल तशी वाढत जाणारी, म्हणजे दुसऱ्या वर्षापासूनच २० हजार अपुरे पडायला लागतील आणि चौथ्या वर्षी पोरगी शेवटाला आलेली आणि हात जवळजवळ रिकामे. मग प्रायव्हेट लोन, को-साइन करणार कोण, तर तुम्हीच. ४०१के मधून लोन काढलं तर साधारण ५० हजार किंवा जमलेल्याच्या निम्मे, यातलं जे कमी असेल ते, आणि पाच वर्षांत फेडायचं, आणि नोकरी गेली की ते लवकर अंगावर येतं. ज्याची नोकरी दहा महिन्यांपूर्वी गेली होती त्या माणसाने हा उपाय सुचवावा म्हणजे कमाल आहे. रागावून म्हणत नाहीये. बाप आहे, त्याला स्वेटशर्ट दिसतोय रोज.

आणि धाकटा. तो २०२८ मध्ये कॉलेजला जाईल, म्हणजे दोन वर्षं दोघं एकदम. आधी एफएएफएसएमध्ये दोन मुलं कॉलेजात असली की पालकांचा वाटा विभागला जायचा, २०२४-२५ पासून ते काढून टाकलं. सीएसएसवाली काही कॉलेजं अजून धरतात, काही नाही. हे त्यांना लेखी विचार, दुसरं मूलही कॉलेजात आल्यावर काय करता? आणि दुसरा प्रश्न, ग्रँट फीबरोबर वाढते की चार वर्षं तीच? तिसरा, पत्रातलं "तात्पुरतं" कधी पक्कं होणार? या तीन उत्तरांशिवाय डिपॉझिट नाही.

एक गोष्ट तुमच्या बाजूची पण आहे, ती सांगायलाच हवी. फुगलेलं २०२४ फक्त पहिल्या वर्षाला लागतंय. दुसऱ्या वर्षाला २०२५ चा रिटर्न धरतील, त्यात शेअर्स नाहीत, ले-ऑफनंतर काही एकरकमी मिळालं असेल तर तेवढंच. म्हणजे पहिलं वर्षच सगळ्यात जड असण्याची शक्यता बरीच आहे. त्यामुळे मी ४५ वर हट्ट धरून बसणार नाही. अपीलनंतर ४८ पर्यंत आलं तर घ्या, आनंदाने घ्या, मागे वळून बघू नका. ५० च्या पुढे थांबलं तर एड ऑफिसला फोन करून सरळ विचारा की २०२५ च्या इनकमवर साधारण किती येईल, आणि ते उत्तर बघून ठरवा. आणि ६३ च्या आसपासच राहिलं तर मी नाही म्हणेन. रटगर्सला न्यू जर्सीच्या मुलांना ट्यूशन-फी १८-१९ हजार, राहणं-जेवण-पुस्तकं सगळं धरून ४० च्या आसपास, म्हणजे तुमच्या आकड्यात बसतं, आणि तिथून निघालेली मुलं काय कमी पडलीत का, आपल्याच ओळखीत किती आहेत मोज.

तुला वाटेल की एप्रिलपर्यंत थांबून सगळ्यांच्या ऑफर शेजारी शेजारी मांडून ठरवायला मिळालं असतं तर. हो, मिळालं असतं, पण अर्ली डिसिजनमध्ये तेच सोडून द्यावं लागतं, अ‍ॅडमिशनची शक्यता वाढते आणि घासाघीस करायची ताकद जाते. ज्यांना किमतीची फिकीर नाही त्यांनाच हे खरं परवडतं अशी ओरड जुनीच आहे, हार्वर्ड, प्रिन्स्टन आणि व्हर्जिनिया युनिव्हर्सिटीने २००६ मध्ये याच कारणाने आपापले अर्ली कार्यक्रम बंद करायचं जाहीर केलं होतं, पाच वर्षांत परत आले, बाकीची कॉलेजं थांबली नाहीत ना. असो. तुला आता दुसऱ्या कॉलेजच्या ऑफरशी तुलना करता येणार नाही, फक्त तुझ्या घराच्या आकड्याशी करता येईल, म्हणून तो आकडा आधी नवऱ्याबरोबर बसून पक्का कर, अपीलचं उत्तर यायच्या आधी. नंतर ठरवलं की आकडा हळूहळू सरकतो, ४५ चे ५२ होतात, ५२ चे ५८.

आणि मुलीला सांग. खरं तर मला पत्रात सगळ्यात जास्त हेच खटकलं. "पैशाचं आम्ही बघू, तू अभ्यास कर" हे आपल्या आईवडिलांनी आपल्याला सांगितलं, आपण मुलांना सांगतो, पण ती साडेसतरा वर्षांची आहे आणि ५,५०० च्या लोनवर सही तिची असणार आहे. तिला पत्र दाखव, फोड दाखव, ४५ चा आकडा दाखव. रडेल. रडू दे, दार लावून घेईल, एक दिवस जेवणार नाही नीट. आमच्याकडे मोठ्याने सगळं ऐकून घेतलं आणि मग एकच विचारलं, मग मला अर्ज करूच का दिलात? याचं उत्तर माझ्याकडे नव्हतं आणि अजून नाहीये. पण दुसऱ्या दिवशी सकाळी त्यानेच एड ऑफिसला फोन लावला, आणि मुलाचा फोन आला की तिथली माणसं वेगळी बोलतात, हे मी डोळ्यांनी बघितलं.

ती नाही म्हणायला तयार झालीच तर तो मेल तिने लिहायचा, दोन-तीन ओळींचा, आभार मानून, एड पुरेशी नसल्याने येता येत नाही म्हणून, काउन्सेलरला कॉपी. तू लिहू नकोस.

जाता जाता, ख्रिसमस ते न्यू इयर ही ऑफिसं बहुतेक बंद असतात, त्यामुळे ते एक पान या शुक्रवारच्या आत गेलं पाहिजे, नाहीतर २ जानेवारीला उघडल्यावर तुझा मेल चारशे मेलांच्या खाली असेल आणि तुला आठवडाच उरेल. इंडेक्स टू आणि शेअर सर्टिफिकेटसाठी दिराला आज रात्रीच व्हॉट्सअ‍ॅप कर, तिकडे सकाळ होत असेल, आणि सोसायटीच्या सेक्रेटरीला पकडायचं असेल तर तो वॉकवरून येतो तेव्हाच सापडतो.